गाऱ्हाणं : एक चाकरमानी

आशेवर पाणी सोडणारी माणसं मुंबईत पैशाला पासरी मिळतील. सहदेव घाडीगांवकर मात्र खरंखुरं पाणी सोडतो. महापालिकेच्या पाणीखात्यात तो चावीवाला आहे. छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी स्कूटरला आडवी बांधून तो सकाळी निघतो, रस्त्यातलं झाकण उचलतो, चावी खाली घालून आटे मोजत फिरवतो, आणि मुलुंडच्या कुठल्यातरी इमारतीत कुणीतरी ओरडतं, "आलं गं, आलं!" त्यात सहदेवचं नाव कुणी घेत नाही. पाणी आलं तर ते आपलं आपण आलं, आणि नाही आलं तर मेल्या चावीवाल्याने सोडलं नाही. बत्तीस वर्षं हे असंच चाललंय आणि सहदेवची त्याबद्दल काही तक्रार नाही.

त्याच्या कानाचा मात्र खात्यात दबदबा आहे. रस्त्याखाली कुठे पाइप फुटला की तो एक लांब सळई जमिनीला टेकवतो, दुसरं टोक कानाला लावतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "हय खणा." साहेब लोक नकाशाची घडी उलगडेपर्यंत ह्याची गळती सापडलेली असते. खात्यात काम करणारा चंद्रप्रकाश म्हणतो, हा माणूस डॉक्टर व्हायचा, चुकून आमच्यात आला. चंद्रप्रकाशचं बोलणं अर्धं कौतुक आणि अर्धं चहा उकळण्यासाठी असतं, पण ह्यात खोटं काही नाही.

सहदेवचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली सुटली आणि बिऱ्हाड नाहूरला आलं. गाव कणकवलीच्या पलीकडे, आणि गावाकडून सोबत काय आणलं म्हणाल तर दोन ट्रंका, एक पाटा आणि गाऱ्हाणं. घाडीगांवकरांच्या घराण्यात गाऱ्हाणं घालायचं काम पिढीजात. ज्यांनी ते ऐकलेलं नाही त्यांना वाटतं, काहीतरी रडगाणं असेल. तसं मुळीच नाही. तो देवाकडे उभ्या उभ्या केलेला तोंडी अर्ज असतो. एकजण खणखणीत आवाजात म्हणतो, "बा देवा म्हाराजा!" आणि जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मग ज्याच्यासाठी अर्ज आहे त्याचं नाव, त्याची अडचण, त्याचं मागणं, आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांचं "व्हय म्हाराजा!"

हे त्याला शिकवलं शिवदासकाकांनी, चौदाव्या वर्षी, देवळाच्या पायरीवर बसवून. काका तसे विड्या ओढण्यात आणि भावकीशी भांडण्यात मुरलेले, पण गाऱ्हाण्याच्या बाबतीत कडक. कुणी बोलावलं तर नाही म्हणायचं नाही, कारण अर्ज देवाकडे आहे, आपण नुसते पोस्टमन. गाऱ्हाण्यात खोटं बोलायचं नाही आणि कुणाचं वाईट मागायचं नाही. आणि पत्ता पुरा सांगायचा. देवाचा कारभार मोठा, एका नावाची छप्पन्न माणसं. आपण अर्धवट पत्ता दिला आणि भलत्याचंच भलं झालं, तर जबाबदार कोण? सहदेवने हे इतकं मनावर घेतलं की आजही सोसायटीच्या सत्यनारायणाला तो देवाला पिनकोडसकट पत्ता सांगतो.

आता ह्या सरळमार्गी माणसाच्या पोटी अक्षता जन्माला आली, आणि ती ड्रम वाजवते. लहानपणी ती पातेल्यांवर वाजवायची तेव्हा आईने, म्हणजे सुगंधाने, पातेली वरच्या फळीवर ठेवली. मग ती डब्यांवर वाजवू लागली. डबे वर गेले तेव्हा ती बापाच्या पाठीवर वाजवू लागली आणि सहदेवला ते आवडायचं, हा खरा घोटाळा. कॉलेजात तिला केयूर भेटला, मुलुंडचा, गिटारवाला. पाठोपाठ सई आणि सर्वेश आले. केयूरच्या बाबांचं झेरॉक्सचं दुकान बंद पडलं होतं. शटर ओढून, भिंतींना जुन्या गाद्या लावून चौघं तिथे तालीम करू लागली. गाणी बरी होती. नाव मात्र ठरेना. एक दिवस सहदेव लेकीला डबा द्यायला दुकानात गेला असताना त्याचा फोन वाजला, आणि तो त्या गोंधळात ओरडून म्हणाला, "अहो साहेब, गळती चालूच आहे! कुणालाच थांबवता येत नाहीये!" चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. बँडचं नाव पडलं 'गळती'.

नाव ठेवलं तेव्हा पोरांच्या डोक्यात राजकारण नव्हतं. पण त्या वर्षी राज्यात पक्षांना अशी काही गळती लागली की वर्तमानपत्रांचं रोजचं पहिलं पान म्हणजे पोरांची फुकटची जाहिरात झाली. सकाळी ह्या पक्षात असलेला आमदार दुपारी त्या पक्षात दिसे. सरकार पडलं, उभं राहिलं, पुन्हा डगमगलं. आमदारांच्या एका टोळीला तर पळून जाऊ नये म्हणून मढच्या एका बंगल्यात बारा दिवस ठेवलं. तो बंगला शूटिंगला भाड्याने देतात. आदल्या आठवड्यात तिथे कुठल्याशा मालिकेचं दवाखान्याचं शूटिंग झालेलं, आणि पाटी काढायला कुणाला सवड नव्हती. त्यामुळे बारा दिवस टीव्हीवर अख्ख्या महाराष्ट्राने आपले लोकप्रतिनिधी 'सुखधाम हॉस्पिटल' अशा पाटीखाली हात हलवताना पाहिले. त्यात नाहूरचे आमदार नंदकुमार वालावलकरही होते, हसतमुख, नव्या सदऱ्यात.

दसरा नेमका त्याच आठवड्यात आला. झेरॉक्सच्या दुकानात वाद्यांची पूजा होती. अक्षता म्हणाली, "पप्पा, तुम्ही गाऱ्हाणं घाला ना. नवीन ड्रम आहेत."

सहदेवने ड्रमसमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली. पोरांच्या हातांना बळ दे, सर्वेशच्या तारा तुटू देऊ नको, सईच्या घशाला जप. इथवर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. पण सकाळीच त्याने टीव्हीवर ती पाटी पाहिली होती आणि ती डोक्यातून जात नव्हती. त्या शटरबंद दुकानात आवाजही घुमत होता. तो बोलत गेला, "बा देवा म्हाराजा! ज्यांका आमी उन्हात उभे ऱ्हवान मतां दिलंव, ते खय गेले ता तुकाच ठावक! सकाळी हय, दुपारी थय, सांजेक खय, ता तुकाच ठावक! तेंका आपल्या घराची वाट दाखव रे म्हाराजा!" आणि चारही पोरं छाती फुटेस्तोवर ओरडली, "व्हय म्हाराजा!" अक्षता ओरडता ओरडता ड्रमवर ठोकेही देत होती. माइक चालू होता.

बाकीचं काम इंटरनेटने केलं. केयूरने खाली गिटार घातली, सईने दोन कडवी लिहिली, आणि 'व्हय म्हाराजा' हे गाणं चार दिवसांत बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत पोचलं. आठवड्याने कॉलेजची पोरं मैदानात जमली, 'आमचं मत परत द्या' असे फलक घेऊन, तेव्हा त्यांना घोषणा शोधावी लागली नाही. पुढे कुणी काही म्हणायचं आणि मागे हजारभर गळ्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" मूळचा तो देवापुढचा होकार, पण पोरांच्या तोंडी त्याला अशी धार आली की पुढाऱ्यांना गाडीची काच वर करावी लागायची. गोरेगावच्या हॉलमध्ये 'गळती'चा कार्यक्रम झाला तर आत जेवढी तेवढीच बाहेर गर्दी. अक्षताचा फोटो पेपरात आला. सुगंधाने तो कापून फ्रिजवर लावला आणि वरच्या फळीवरची पातेली खाली काढली.

पण गाऱ्हाणं कुणाचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्षताने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पप्पा, तुमचं नाव टाकते हां. आणि कार्यक्रमाला आमच्याबरोबर स्टेजवर यायचं."

"नको गं बाय," सहदेव म्हणाला. "सरकारी माणूस मी. राजकारणाच्या गाण्यात नाव दिसलं तर नोटीस येईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. उगाच कशाला?"

तेव्हा गाण्याखाली नावं आली: ड्रम अक्षता, गिटार केयूर, बास सर्वेश, गायन सई, आणि शेवटी 'गाऱ्हाणं : एक चाकरमानी'. गावाकडे मुंबईत नोकरी करणाऱ्याला चाकरमानी म्हणतात. असे लाखभर तरी असतील. सहदेव त्या लाखात लपला आणि आधी त्याला हायसं वाटलं. मग एक दिवस चहाच्या टपरीवर चंद्रप्रकाशने मोबाइल पुढे केला. "ऐक रे, तुमच्याकडचं आहे ना हे? पण माणसाचा आवाज नाहीये. माझा भाचा सांगत होता, कम्प्युटरने बनवलाय. एआय!"

सहदेवचा चहा हातात थंड झाला. शिवदासकाकांनी पायरीवर बसवून, पाठीत धपाटे घालून जो आवाज काढून घेतला, तो म्हणे मशीनचा! 'अरे, मी आहे, मी!' असं म्हणायला त्याचं तोंड उघडलंही, पण समोर साहेबांची जीप उभी होती. तो चहा तसाच ठेवून उठला. घाबरट आहोत आपण, असं त्याला स्वतःलाच वाटलं आणि ते दिवसभर सुटेना.

आणि अशातच एका संध्याकाळी दारात नंदकुमार वालावलकर उभे राहिले. आमदार, स्वतः, हातात नारळ. मागे चार माणसं. सुगंधाने घाईघाईने सोफ्यावरचे कपडे उचलले.

"वयनी, राहू दे, घरचाच माणूस मी," आमदार बसत म्हणाले. "सहदेवा, तू आमच्याकडचो. तुझ्याकडे नाय येवचंय तर कोणाकडे? बघ, ते गाणं आलंय ना, त्याने माझी वाट लावलीय. लग्नाला गेलो तरी पोरं 'व्हय म्हाराजा' ओरडतात. नवरदेवसुद्धा! तेव्हा म्हटलं, पळायचं कशाला? गाऱ्हाणं आपलंच, आपणच घालायचं. रविवारी नव्या ऑफिसचं उद्घाटन आहे. टीव्हीवाले येतील. त्या चिल्ल्यापिल्ल्यांना दाखवू, खरं गाऱ्हाणं कसं असतं. लोक म्हणतात, नाहूरमध्ये तुझ्यासारखा गाऱ्हाणं घालणारा दुसरा नाही."

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सुगंधाला अशी उचकी लागली की कपबशा वाजू लागल्या. ह्या गृहस्थाला काहीच माहीत नव्हतं. सहदेवने नारळाकडे पाहिलं. गाऱ्हाण्याला नाही म्हणायचं नाही, ही शिकवण. तो म्हणाला, "येईन."

अक्षता घरी आली तेव्हा सुगंधाने सांगायच्या आधीच तिला खाली कुणीतरी सांगितलं होतं. तिने बॅग आपटली.

"पप्पा, हे खरंय?"

"अगं, गाऱ्हाणं आहे ते. नाही म्हणता येत नाही."

"आमच्या स्टेजवर यायला तुम्हाला भीती वाटते. नाव टाकायला भीती वाटते. आणि त्याच्या स्टेजवर? तिथे नोकरी जात नाही का? ज्या लोकांबद्दल तुम्ही देवाला सांगितलंत ना, त्यांच्यातलाच आहे तो! आणि तुम्ही त्याचं भलं मागणार, टीव्हीसमोर?"

"अक्षता, बापाशी नीट बोल," सुगंधा म्हणाली.

"मी नीटच बोलतेय, आई. मला फक्त एवढंच कळू दे, पप्पांचा आवाज कोणाचा आहे. आमचा की त्याचा?"

दोन दिवस बापलेक एकाच ताटलीतली चटणी न बोलता वाढून घेत होते. पोरगी दुरावली तर राहिलं काय, असं सहदेवला वाटे. सळई जमिनीला लावून कुठल्या रस्त्याखाली काय फुटलंय ते तो सांगू शकत होता, पण घरातलं कुठे फुटलंय आणि कसं सांधायचं, ह्याला काही सळई नव्हती. गेलो नाही तर काकांचा शब्द मोडतो, गेलो तर लेकीचा. शनिवारी सकाळी आटे मोजताना त्याची मोजणी दोनदा चुकली, आणि मुलुंडच्या एका गल्लीत अर्धा तास जास्त पाणी आलं. त्या गल्लीने आयुष्यात पहिल्यांदा चावीवाल्याला दुवा दिला.

रविवारी अकरा वाजता मांडव भरला होता. नव्या पक्षाचे दीपस्तंभाचे झेंडे, खुर्च्यांना पांढरे कपडे, बटाटेवड्यांचा वास, दोन टीव्हीवाले. सहदेव लग्नातला सदरा घालून स्टेजवर गेला. मागे, मांडवाच्या कडेला, त्याला अक्षता दिसली. केयूर, सई, सर्वेशही होते. हाताची घडी घालून ती बापाकडे बघत होती आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ह्यापेक्षा ती रागावली असती तर बरं, असं सहदेवला वाटलं.

आमदारांनी नारळ ठेवला, हात जोडले. सहदेवने माइक घेतला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मांडव दणाणला.

"आज ह्या नाहूर मुक्कामी तुझो झील, तुझा लेकरू नंदकुमार वालावलकर तुझ्या पायाकडे नारळ ठेवन उभो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आमदार सर्वांत मोठ्याने म्हणाले. ज्याचं गाऱ्हाणं त्याने म्हणायचंच असतं.

"तेचो पत्तो सांगतंय, नीट ऐकान घी रे म्हाराजा! पयली पाच वर्सां तो गलबतवाल्यांच्या घराक होतो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खरंच तर होतं, पहिल्या पक्षाचं चिन्ह गलबतच होतं. आमदारही म्हणाले.

"थयसून तो जास्वंदवाल्यांच्या घराक गेलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मगे बारा दिवस मढच्या बंगल्यात होतो. दारार हॉस्पिटलची पाटी होती, पण आजारी कोण नव्हतो म्हाराजा!"

आता मांडवाला ताल सापडला. वडे तळणारा झारा हातात धरून ओरडला, टीव्हीवाल्याचा कॅमेरामन ओरडला, झेंडे धरायला आणलेली पोरंसुद्धा ओरडली. सहदेवचे डोळे मिटलेलेच. त्याच्या आवाजात टिंगल नव्हती. तो पत्ता सांगत होता, मन लावून, एकही खोली न चुकवता.

"आता तो दीपस्तंभवाल्यांच्या घराक आसा, उद्या खय आसतलो ता तुकाच ठावक म्हाराजा! तुझो प्रसाद खयच्या घराक धाडूचो, ह्येचो तुका घोळ होवक नको. म्हणान मागणा एकच. हेका एका ठिकाणी स्थिर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्यांनी हेका मतां दिली, तेंच्या दारात हेका परत उभो कर, आणि ते काय इचारतीत ता खाल मानेन ऐकाची बुद्धी दी रे म्हाराजा!"

हात जोडलेले, सगळी जनता समोर, कॅमेरे चालू. देवाला नाही कसं म्हणायचं? नंदकुमार वालावलकर मान खाली घालून पुटपुटले, "व्हय म्हाराजा."

सहदेवने डोळे उघडले. मांडवात हास्याची लाट उसळली होती, आणि त्या लाटेखालून एक कुजबूज पुढे सरकत होती. एका पोराने मोबाइलवर ते गाणं लावून कानाशी धरलं, मग स्टेजकडे बोट केलं. "ए, तोच आवाज आहे! शप्पथ, तोच!"

आमदार पुढाऱ्यांच्या सवयीप्रमाणे हसतच होते. हसत हसत ते सहदेवच्या कानाशी वाकले. माइक दोघांच्या मधे होता, ह्याचं त्यांना भान राहिलं नाही.

"सहदेवा, खरां सांग. त्या गाण्यातलो आवाज तुझोच काय रे?"

प्रश्न दोन्ही भोंग्यांतून मांडवभर गेला आणि हसणं थांबलं. सहदेवच्या डोळ्यांपुढून नोटीस गेली, साहेबांची जीप गेली, राहिलेली दोन वर्षं गेली. मागे अक्षताने हाताची घडी सोडली होती. ती मान हलवत होती, नको, पप्पा, नको. आता तिलाच भीती वाटत होती, बापासाठी. ते पाहून त्याला बरं वाटलं, आणि तो माइककडे वाकला.

"व्हय," सहदेव माइकमध्ये म्हणाला.

नंदकुमार पुढच्या 'म्हाराजा'साठी थांबले. तो आला नाही. सहदेवने माइक त्यांच्या हातात दिला आणि स्टेजच्या ज्या बाजूला लेक उभी होती, त्या बाजूने तो खाली उतरला.